काचेच्या गोळ्यातील सरळ खिडकी

मी भरीव काचेचा एक गोळा बोलतो आहे. जवळ येऊन पाहा. परंतु हात लावू नका. डोनटची साखर लागलेली बोटे मी पुष्कळ सोसली आहेत.

भट्टीतून निघालो, एका दुकानात धूळ खाल्ली आणि प्राध्यापक लिंडक्विस्ट यांच्या खिशातून विनिपेगच्या एका विद्यापीठात आलो. येथे संगणकाद्वारे चित्रे घडवण्याचे शिक्षण दिले जाते. फोटो न वापरता, केवळ गणिताने प्रकाशकिरणांचा मार्ग काढून, विद्यार्थ्यांनी संगणकाकडून माझे हुबेहूब चित्र घडवून घ्यावे, असा येथील नेम आहे.

विद्यार्थी मला न्याहाळतात आणि शेजाऱ्याच्या संगणकाचा पडदा चोरून पाहतात. माझा विश्वास कोणावरच नाही.

शेवटच्या वर्षाच्या डेलिया थीसनवर तर मुळीच नव्हता. सारे जेवायला गेले, की ती मला खिडकीसमोर ठेवून मोबाइलवर माझे फोटो काढी. सरांचा साहाय्यक बोहदान दाराआडून ते पाहत असे. त्याचे दाराआड उभे राहणेही मला खटकत असे.

तपासणीच्या दिवशी तिचे चित्र पडद्यावर आले. लाकडाच्या रेषा, मऊ सावली, खिडकीबाहेरचा बर्फ. सारे अस्सल भासत होते.

"कॅमेरा झकास आहे हं तुझा," बोहदान म्हणाला.

"टोमणे कसले मारतोस? सरळ बोल ना."

"फोटो काढताना पाहिलंय तुला, बाईसाहेब!"

"अरे, काच कशी दिसते ते कळायला काढले! बघायचंही नाही का?"

लिंडक्विस्ट यांनी चष्मा उतरवला. "डेलिया, हा फोटो निघाला तर प्रकरण समितीकडे जाईल. मग यंदाची पदवी विसर."

"सर, प्रोग्राम चालवून दाखवते."

"तो काय, कुणाचाही उचलता येतो," बोहदान पुटपुटला.

डेलियाचा चेहरा उतरला. तिने मला उचलून पडद्याशेजारी धरले. ती माझ्यात पाही, चित्रात पाही. आणि एकाएकी हसत सुटली.

"सर, गोळ्यातली खिडकी बघा! खऱ्या गोळ्यात उलटी दिसते. माझ्या चित्रात सरळ आहे!"

किरण काचेत शिरतानाचे गणित तिने बाहेर पडताना वापरले होते आणि बाहेर पडतानाचे शिरताना. तिच्या चित्रातील मी भरीव काच नव्हतोच. काचेत अडकलेला हवेचा बुडबुडा होतो. मला समोर ठेवून तसा फोटो कोणत्याही कॅमेऱ्याने निघाला नसता.

"आणि इतकी बावळट चूक चोरेल कोण रे?" तिने बोहदानला विचारले.

"आरोप मागे घेतो," लिंडक्विस्ट म्हणाले. "गुण मात्र कापणार."

"कापा हो सर, खुशाल कापा!"

पुढे तिने चूक सुधारली. खिडकी जशी हवी तशी उलटी झाली आणि ते चित्र बाहेरच्या भिंतीवर लागले. लिंडक्विस्ट त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी बोहदानला हळूच विचारले, "हा फोटो तर नाही ना?"

डेलिया पदवी घेऊन गेली. मी आता त्या चित्राखालच्या कुलूपबंद काचेच्या कपाटात असतो. येणारेजाणारे थबकतात आणि "फोटोच आहे हा," असे ठासून सांगतात. तुम्हीही थबकाल. निकाल देण्यापूर्वी मला बाहेर काढायला सांगा, एवढीच विनंती. किल्ली बोहदानजवळ आहे. तो आधी तुमच्याकडे नीट निरखून पाहील, मीही पाहीन.