कशासारखं दुखतं?

“दुखतं म्हणजे नेमकं कशासारखं, काका?” सिस्टरने विचारले.

“दुखण्यासारखं,” म्हणत म्हाताऱ्या पहारेकऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

उभा जन्म त्याने एका गोदामाच्या दाराशी काढला होता. विनाकारण आस्थेने चौकशी करणाऱ्यावर विश्वास ठेवणे त्याच्या प्रकृतीत नव्हते. त्यातून कालच त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. शेजारच्या खाटेवरील सुताराचे वाक्य ही बाई व्हरांड्यात आपल्या सोबतिणीला रंगवून सांगत होती, “म्हणे, पोटात कुणीतरी उलटा रंधा मारतंय!” आणि मागोमाग हशा. तेव्हापासून औषधाची मात्रा ठरवण्यापुरतेही तो बोलेना; वेदना मात्र प्रहरागणिक वाढत होती.

“मिस्तरी, तुझं दुखणं चव्हाट्यावर गेलंय,” त्याने सुताराला सावध केले.

सुताराचा म्लान चेहरा उजळला. “हसल्या का?”

“खदाखदा.”

“मग जमलं म्हणायचं! मीच म्हटलं तिला, सांग सगळ्यांना. नादच आहे तो तिला. कुणाचा गुडघा गंजक्या बिजागरीसारखा, कुणाचं डोकं उकळत्या किटलीसारखं, सगळं तोंडपाठ. आपलं दुसरं कोण काय पाठ करणार, सांगा?”

“म्हणजे तूही सामील,” पहारेकरी पुटपुटला.

दोन दिवसांनी सुतार गेला. सिस्टर त्याच्या खाटेवर नवी चादर अंथरत होती. पहारेकऱ्याने डोळे किलकिले करून पाळत ठेवली. कोणी पाहत नाही असे वाटले की माणूस खरा दिसतो, एवढे त्याला ठाऊक होते. चादरीवरील सुरकुती तिने तळहाताने सावकाश सारली, लाकडाच्या रेषेने रंधा जावा तशी.

“आता सुलटा हं, मिस्तरी,” ती रिकाम्या खाटेला म्हणाली. ती हसली नाही.

पहारेकऱ्याने तिच्याकडे तोंड फिरवले. मग खाकरला.

“सिस्टर, सगळी कुलपं ओढून बघितलीत. एकूण एक. तरी आत कुणीतरी चालतंय. तसं दुखतं.” थांबून त्याने दरडावले, “आणि हे बाहेर जायचं नाही.”

“नाही जाणार.”

त्याच दिवशी औषध बदलले. तरीही संध्याकाळभर तो व्हरांड्याकडे कान लावून होता. हशा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी ती खाटेपाशी आली आणि चोराची खबर काढावी तशी आवाज खाली आणून म्हणाली, “काका, आतला चालतोय का अजून?”

पहारेकऱ्याने डोळे मिटून अंतरात कान दिला.

“नाही. बसलाय,” तो म्हणाला. “चपला काढून.”

सिस्टरने स्टूल ओढले आणि दाराकडे तोंड करून ती पहाऱ्यावर बसली.