पॉलिशच्या डबीचा खुळखुळा

मी खुळखुळा बोलतोय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी हळहळत बसायला नको. ज्या पोरीसाठी मला बनवलं, तिनं माझा आवाज आजवर ऐकलेला नाही, आणि पुढेही ऐकणार नाही. तरीसुद्धा मी वाया गेलेला खुळखुळा आहे असं जो कोणी म्हणेल, त्याच्याशी भांडायची माझी तयारी आहे.

माझा जन्म भिलाई-३ चा. चंपतराव म्हणून रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ तिथे राहायचे. त्यांच्या मुलीला, ललिताला, दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी बुटाच्या पॉलिशची एक रिकामी डबी घासूनपुसून लखलखीत केली, तिच्यात सायकलचे छर्रे भरले, झाकण झाळून पक्कं केलं आणि मोडक्या लाटण्याची मूठ बसवली. झालो मी! दिसायला यथातथाच, पण आवाज असा की बाजारातल्या गुलाबी प्लास्टिकच्या खुळखुळ्यांनी लाजून गप्प बसावं.

ललिताचं सासर भिलाईतल्याच हुडको वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये. चंपतराव मला घेऊन बारशाला गेले तेव्हा तिच्या सासूनं, सिंधुताईनं, मला पाहताक्षणी नाक मुरडलं.

"हा खुळखुळा हाये का डब्याचा ठणठणाट? पोट्टीचे कान फाटतीन ना, ईवाईबुवा!"

"फाटले तं शिवून देईन," चंपतराव म्हणाले. सगळे हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

पोरीचं नाव रमा ठेवलं. ती दोन-तीन महिन्यांची झाली आणि घरात 'अगू' सुरू झालं. माणसांची ही मोठी गंमत आहे. बाळ 'अगू' म्हणालं की घरातली जाणतीसवरती माणसं आपलं शहाणपण खुंटीला टांगतात. जिच्या आवाजाला भाजीवाला दचकायचा ती सिंधुताई पाळण्यावर वाकून 'अगू गं माझी माय, अगू' करत बसायची. रमाचा बाप बळीराम पोलादाच्या प्लांटमधल्या ड्यूटीवरून आला की बूटही न काढता उकिडवा बसायचा आणि ओठांनी फुर्र करायचा. रमा काहीतरी म्हणायची, मग तो म्हणायचा, मग पुन्हा ती. मी पाळण्याच्या दोरीला लटकून हे सगळं बघत असे. बोलणं असंच सुरू होतं, हे मी तिथे शिकलो. अर्थबिर्थ मागाहून येतो. आधी नुसती पाळी असते, एकदा तुझी, एकदा माझी.

बळीरामची रात्रपाळी असली की दिवसा तो झोपायचा. मग सिंधुताई मला फडक्यात घट्ट गुंडाळून ठेवायची. फडक्यात छर्रे हलतात, पण आवाज आतल्या आत मरतो. असा संताप व्हायचा माझा! ज्याला काही म्हणायचंय त्याला गुंडाळून ठेवण्यासारखा अन्याय नाही, हे तेव्हापासून माझं पक्कं मत आहे.

शेजारच्या शैलाबाईंचा विजू रमाच्याच वयाचा. सात-आठ महिन्यांचा होताच त्यानं 'बाबाबा', 'ममम' असा सपाटा लावला. रमाचं अगू मात्र वाढायच्या ऐवजी ओसरत गेलं. आधी रोज, मग कधीमधी, मग जवळजवळ नाहीच. सिंधुताईला तर त्याचा अभिमान.

"आमची रमा लय समजदार हाये, शैला. प्लांटचा भोंगा वाजला तरी पोट्टीची झोप मोडत नाही!"

ललिता नुसती रमाकडे बघत राही.

मला खरं काय ते केव्हाच कळलं होतं. मी उजवीकडे वाजलो तरी पोरगी उजवीकडे बघायची नाही. पण मूठ तिच्या हाती दिली की मला हनुवटीवर टेकवायची, छर्रे हलले की डोळे मिटायची आणि खुदकन हसायची.

एका सकाळी सिंधुताई दळण घेऊन गेल्यावर ललितानं मला हातात घेतलं. रमा चटईवर पाठमोरी बसून वाटीशी खेळत होती. ललिता तिच्या मागे उभी राहिली आणि तिनं मला वाजवलं. रमा वाटीशीच खेळत राहिली. ललितानं मला अजून जोरात वाजवलं. मीही जीव तोडून वाजलो, देवाशपथ सांगतो, इतका मी आयुष्यात कधी वाजलो नाही. दारात बळीराम येऊन उभा होता.

"कावून वाजवून राहिली इतकी?"

ललिता वळली. तिचा चेहरा पाहून त्यानं रमाला उचलून कडेवर घेतलं.

मोठ्या गावच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि दोन्ही कानांनी ऐकू येत नाही म्हणून सांगितलं. ते खरंच होतं, त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण पुढच्या सल्ल्याशी आहे. घरात हातवारे अजिबात करायचे नाहीत, ते म्हणाले. हाताची सवय लागली की ही मुलं तोंड उघडत नाहीत. मुलीचे हात धरून ठेवा आणि तिला तुमच्या ओठांकडे बघायला लावा.

घरी आल्यावर सिंधुताईनं मला पाळण्यावरून सोडलं. "आता याचा काय उपेग, बाप्पा," म्हणत डोळे पुसले आणि भिंतीतल्या उंच फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी, ठेवून दिलं. त्या दिवशी मी तिला माफ केलं नाही. पण तिथून घर सगळं दिसायचं, दारातून अंगणही, हेही खरं.

आता बळीरामच्या कामाबद्दल सांगायला हवं. तो प्लांटमध्ये क्रेनखाली उभा राहायचा. वर केबिनमध्ये त्याचा मित्र फकिरा क्रेन चालवायचा आणि खालून बळीराम त्याला इशारे द्यायचा. तिथे गोंगाट इतका की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळं बोलणं हातानं. बोट आभाळाकडे करून गोल फिरवलं की 'वर घे'. बोट जमिनीकडे करून फिरवलं की 'खाली सोड'. तळवा पालथा करून हात आडवा हलवला की 'थांब'. ही सवय घरीही यायची. आईची बडबड वाढली की तो आडवा हात हलवायचा आणि ती ओरडायची, "मी काय क्रेन हावो का रे?"

डॉक्टरांकडून आल्यापासून मात्र बळीराम घरात हात खिशात घालून फिरू लागला. रोज संध्याकाळी ललिता रमाला मांडीवर घ्यायची, तिचे दोन्ही हात एका मुठीत धरायची आणि तोंडासमोर तोंड नेऊन 'म, म, मा' म्हणायची. रमा मान फिरवायची, रडायची. जी पोरगी बापाच्या फुर्रवर हसायची ती आता आईचं तोंड जवळ आलं की डोळे घट्ट मिटायची. आणि डोळे मिटल्यावर तिच्यापाशी उरत काय होतं? ललिता रमाला झोपवून मोरीत जाऊन रडायची. मला फळीवरून सगळं दिसायचं.

उन्हाळा लागला. हुडकोत सगळेच गच्चीवर झोपायचे. लोखंडी खाट गच्चीवर चढवायला एका रविवारी फकिरा आला. समोरच्या घरी लग्न होतं आणि मांडवात भोंगे लावलेले, त्यामुळे बोललेलं काही कळेना. फकिरा गच्चीवर दोर धरून उभा राहिला, आणि अंगणातल्या बळीरामचे हात आपोआप खिशातून बाहेर आले. वर घे. थांब. थोडी खाली सोड. वर घे. खाट झुलत झुलत वर गेली.

अंगणात चटईवर बसलेली रमा श्वास रोखून बापाच्या हातांकडे पाहत होती.

त्या संध्याकाळपासून तिच्या बोटांना चैन पडेना. एक बोट हवेत फिरवायची, अर्धवट गोल काढून सोडून द्यायची. तळवा पालथा करायची, पुन्हा करायची, पुन्हा. कशाचा कशाला मेळ नाही. मग स्वतःच्याच हाताकडे बघून खुदकन हसायची. मी फळीवर चटकन ओळखलं. अहो, हे अगूच होतं! पोरगी हातांनी अगू म्हणत होती, आणि तिच्या पाळीनंतर कोणाचीच पाळी येत नव्हती.

सिंधुताईनं पाहिलं. "ललिता, हात धर तिचे! डॉक्टरनं सांगतलं ना."

ललितानं धरले. रमाची बोटं तिच्या मुठीत वळवळत राहिली, फडक्यात माझे छर्रे हलायचे तशी. ललिता बराच वेळ त्या मुठीकडे बघत बसली. मग तिनं मूठ उघडली. रमानं लगेच बोट वर करून फिरवलं. आणि ललितानंही आपलं बोट वर केलं आणि तसंच फिरवलं.

रमा थबकली. आईच्या बोटाकडे बघितलं, आईच्या तोंडाकडे बघितलं. किती दिवसांनी तिनं डोळे न मिटता आईकडे बघितलं! मग तिनं तळवा पालथा केला. ललितानंही केला. एकदा तू, एकदा मी.

"काय करून राहिली तू?" सिंधुताई कडाडली. "लोक हासतीन आमाले! मुकी म्हणतीन पोट्टीले!"

"हासू द्या," ललिता म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "माही पोरगी बोलून राहिली, आत्याबाई. तिचे हात धरले म्हणजे तोंडच दाबलं ना मी तिचं! मी नाही दाबणार. डॉक्टर येऊन सांगो, नाही तं कोणी येऊन सांगो."

"अन् तोंडानं कधी बोलणार मंग?"

"बोलली तं बोलली. नाही बोलली तं मी हातानं ऐकीन."

सिंधुताईनं मुलाकडे पाहिलं.  बळीरामनं खिशातून हात काढले, रमासमोर उकिडवा बसला आणि दोन्ही हात पुढे केले.

सिंधुताई मोप रुसली. ललिता-बळीराम हात हलवायला लागले की ती पाठ फिरवून बसायची. असेच कैक दिवस गेले. रमा धरून धरून उभी राहायला लागली होती.

एका दुपारी ललिता अंगणात कपडे वाळत घालत होती आणि घरात सिंधुताई एकटीच तांदूळ निवडत होती. रमा भिंत धरून उभी राहिली आणि तिनं वर पाहिलं. थेट माझ्याकडे. मग तिनं हात लांब केला, बोट जमिनीकडे केलं आणि गोल फिरवलं. सिंधुताईकडे वळून बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघून बोट फिरवलं.

खाली सोड.

हे काही अगू नव्हतं. हा शब्द होता, पहिला, सबंध, आणि तो माझ्यासाठी होता. सिंधुताईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग ती गुडघ्यावर हात देत उठली, चवड्यांवर उभी राहिली आणि मला खाली घेतलं.

"घे माय," ती म्हणाली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून थांबली, आणि आपलं बोट जमिनीकडे करून तिनंही ते गोल फिरवलं.

रमानं मला हनुवटीवर टेकवलं आणि हलवलं. मी वाजलो. सिंधुताईनं ऐकलं, रमानं हनुवटीनं घेतलं.

आज रमा मोठी झाली आहे. मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत तिनं हातांची खरी भाषा शिकून घेतली, बापाच्या क्रेनवाल्या इशाऱ्यांना आता हसते. सिंधुताईला वयोमानानं ऐकू येईनासं झालंय, त्यामुळे रमा आली की दोघींच्या गप्पांना अंत नसतो, आणि त्यात चुगल्या किती असतात ते मी सांगणार नाही. माझी मूठ सैल झालीये, डबी गंजलीये. भंगारवाल्याला द्या म्हणणारे अधूनमधून भेटतात.

त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरी एखादं लेकरू असेल आणि बोलता येण्याआधीच ते काही म्हणत असेल, तोंडानं, हातानं, कशानंही, तर त्याला गुंडाळून ठेवू नका. तुमची पाळी आली की उत्तर द्या. आणि मला भंगारात घालायचंच असेल, तर आधी रमाला विचारा. हात आडवा करून ती काय म्हणेल, ते मला इथूनच दिसतंय.