आईंचा डोंगर

माझ्या सासूबाईंचा सगळा जन्म गणवेशाचं कापड कापण्यात गेला. कारखान्यात त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं, आणि हवा स्वच्छ असली की तिथून तो डोंगर दिसायचा, डोक्यावर बर्फ घेऊन बसलेला. निवृत्तीच्या दिवशी मैत्रिणींनी विचारलं, "आता काय करणार?" आई म्हणाल्या, "त्याच्यावर जाऊन येणार." सगळ्या हसल्या. आई हसल्या नाहीत.

मग वर्षभर त्या पाठीवर बटाट्यांची पिशवी घेऊन आमच्या इमारतीचा जिना चढत-उतरत राहिल्या. मागून माझी लेक, एकेका पायरीला मिठी मारत. बाबा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवलेले. ते म्हणाले, "तू निघालीस, तर मी घरी काय माशा मारत बसू?" आणि दोघांना एकटं कसं सोडायचं म्हणून मीही निघाले. नवऱ्याने लेकीला कडेवर घेतलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "जा तू, आम्ही नाही रडणार." लेक नाही रडली. तो रडला.

आम्हाला वर नेणारी बाई अंगाने काडी होती, पण सगळे तिला कॅप्टन म्हणत. तिचा एक उंच, अबोल जोडीदार होता. तो कायम रांगेच्या शेवटी चालायचा, म्हणून त्याचं नाव शेपूट. कॅप्टनची रीत अशी की सगळ्यात सावकाश चालणाऱ्याने तिच्या लगेच मागे राहायचं. आमच्यात त्या आई. त्यामुळे सगळी रांग आईंच्या पावलाने चालायची. पहिल्याच दिवशी आमच्याच तुकडीत आलेले दोन धडधाकट तरुण कुरकुरले, "असं चाललो तर पोचेपर्यंत म्हातारे होऊ!"

"छान," कॅप्टन मागे न बघता म्हणाली. "म्हणजे पोचाल तरी."

जंगल संपलं, झुडपं संपली, मग नुसते दगड आले. संध्याकाळी तंबू लागले की कॅप्टन गुडघे टेकून प्रत्येकाचे तळवे बघायची. कुठे फोड आलाय, कुठे कातडी लाल झालीय. इतक्या मायेने तर मी लेकीचेही पाय बघत नसेन. पण एका बाबतीत ती कडक होती. "इथे कुणी कुणाचं काही करायचं नाही. आपली बाटली आपण उघडायची, आपले बूट आपण बांधायचे." सकाळी चहा देताना ती आमच्याशी गप्पा मारायची, पण नजर आमच्या बोटांवर. का, ते कुणी विचारलं नाही. शिस्त असेल, असं वाटलं.

शेवटच्या मुक्कामावरून माथ्याकडे निघायच्या वेळी, अजून उजाडलं नव्हतं तेव्हा, तंबूत बाबांची बुटाच्या नाडीशी झटापट चालली होती. आई सहज खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही बूट बांधून टाकले. मी शेजारीच होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. घरी माझाही अर्धा दिवस त्यातच जातो.

बाहेर कॅप्टनचा टॉर्च सगळ्यांच्या बुटांवरून फिरला आणि बाबांपाशी थांबला.

"काका, या गाठी कुणी मारल्या?"

"मी," आई म्हणाल्या. "अगं, त्यांना कुठली सवय? शर्टाची बटणंसुद्धा मीच लावते."

"आजवर रोज सकाळी ते स्वतःच बांधत होते, काकू." तिने वाकून एक नाडी सोडली. "बांधा काका."

बाबा हसत वाकले. नाडी बोटांतून निसटली. परत धरली, परत निसटली. "थंडी काय मरणाची आहे हो," ते म्हणाले.

"आता त्या दगडापर्यंत सरळ चालत जा बघू."

अवघड घाटांतून ट्रक नेलेला तो माणूस चार पावलांत एका बाजूला कलंडायला लागला. कुणी हसलं नाही.

"विरळ हवा बाधलीय," कॅप्टन शांतपणे म्हणाली. "डोकं दुखत असलं तर माणूस लपवतो. बोटं आणि पाय लपवत नाहीत. तुम्ही आत्ताच्या आत्ता खाली उतरायचं, शेपूट नेईल. उतरलात की बरं वाटेल."

आईंनी आपली पिशवी खांद्यावर टाकली. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. "चला," त्या बाबांना म्हणाल्या.

"आई, तुम्ही थांबा. मी जाते त्यांच्याबरोबर," मी म्हणाले.

"तू गप्प बस."

"काकू," कॅप्टनने विचारलं, "खाली जाऊन तुम्ही काय करणार?"

"म्हणजे काय? यांच्याकडे बघायला नको?"

"बघायला शेपूट आहे. अशा कितीतरी जणांना त्याने सुखरूप उतरवलंय. तिथे तुमचं काही काम नाही."

तुमचं काम नाही, असं त्यांना आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. कॅप्टनचा आवाज खाली आला. "तुम्हाला स्वतःला उतरायचं असेल, तर खुशाल उतरा. त्यांच्यासाठी म्हणून नको."

आईंनी बाबांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" बाबा म्हणाले. "मी गाडी घेऊन निघायचो, तेव्हा तू काय मागे धावत यायचीस? जा. आणि ठरव लवकर, मी गारठलो."

शेपटाने त्यांच्या दंडाला धरलं. वळणाआड दोघं दिसेनासे होईपर्यंत आई उभ्या होत्या. मग त्या कॅप्टनच्या मागे आपल्या जागी येऊन थांबल्या.

चढ असा, की समोरच्याच्या टाचा आपल्या नाकापुढे. कॅप्टन बर्फात बूट रोवून पायरी करायची, आई त्यात पाय ठेवायच्या. एकदा आई थांबल्या आणि खाली बघत राहिल्या. कॅप्टनही थांबली, पण वळली नाही, चला म्हणाली नाही. आईंचा बूट पुन्हा बर्फात कचकला, तेव्हाच तिने पुढचं पाऊल टाकलं.

माथ्यावर चार खाटा मावतील एवढी जागा होती. ते दोघे तरुण ओरडत एकमेकांच्या गळ्यात पडले. माझे डोळे वाहत होते, वाऱ्याने म्हणा हवं तर. इतक्यात कॅप्टनच्या कोटातला बोलायचा रेडिओ खरखरला, आणि खालून, शेपटाकडच्या रेडिओवरून, बाबांचा आवाज आला. "पोचलीस का गं?"

कॅप्टनने बटण दाबून रेडिओ आईंच्या तोंडापाशी धरला.

"पोचले."

"कसं आहे?"

एरवी आई बोलायला लागल्या की शेजारची बिऱ्हाडंही ऐकतात. त्यांनी ओठ हलवले, पुन्हा मिटले. मग म्हणाल्या, "अहो, जरा वेळ बोलू नका. बघू द्या मला."

बाबा गप्प झाले. पण बटण सोडायचं विसरले असावेत, कारण रेडिओतून त्यांचा श्वास येत राहिला. कॅप्टनने तो कानाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं. "एका लयीत आहे," ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली. "बरे आहेत."

आईंना सांगायला मी पुढे झाले, तर तिने माझा हात धरला. आई आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. अजून बघत होत्या.