पालथ्या घड्यावरची लांब पोळी

मी पालथा घडा बोलतोय. हो, तोच, ज्याच्यावर पाणी ओतून उपयोग नाही म्हणतात तो. खुशाल म्हणा. पाणी भरायचे घडे पैशाला पासरी मिळतात. माझ्या पाठीवर लांब पोळी भाजली जाते, आणि ती करणारी बाई शंभरात एखादी.

कन्हान नदीकाठच्या मातीतून कुंभाराने मला घडवलं आणि तशाच एका बाईने, वच्छलाने, बोटांनी वाजवून, पारखून घेतलं. मला चुलीवर उपडं ठेवायचं, खाली लाकडं पेटवायची. पाणी मारमारून सैल केलेली कणीक मनगटावरून कोपरापर्यंत झुलवत लांबवायची आणि अलगद माझ्या पाठीवर टाकायची. गावच्या लग्नांत तिचे हात बघायला पाहुणे चुलीपाशी उभे राहत. मीही फुशारून जायचो.

मग तिच्या नवऱ्याला, रुपरावांना, कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी लागली आणि आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरात आलो. इथे रॉकेलचा स्टोव्ह. माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. अंगावर राख बसू लागली. वच्छलाच्या मनावरही तसंच काहीतरी बसलं. रडणं नाही, भांडण नाही. स्वयंपाक करायची, डबा भरायची आणि खिडकीशी बसून राहायची.

रुपरावांनी तिला नागपूरला, रामदासपेठेतल्या मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, दुखणं हलकं आहे, पण आहे. गोळ्या द्या, आणि तिला कशात बरं वाटतं ते बघा. रुपराव माणूस भला, पण केलं नेमकं उलटं. दुखणेकऱ्याला आराम हवा म्हणून त्यांनी तिच्या हातातली कामंच काढून घेतली, अगदी लाटणंसुद्धा. शेजारणी सांगत, हसत जा, देवाचं नाव घे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. दोष घड्याचा नसतो, हेही कळलं.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला रुपरावांची मोठी बहीण सिंधूताई नागपूरहून आली. मला रिकामा पडलेला पाहून म्हणाली, तळाला भोक पाडून यात मोगरा लावू. खिळा आणि दगड घेऊन बसलीच. मला मूठ नाही, तरी जीव मुठीत धरला. भोक पडलं की माझी पोळी कायमची संपली.

तेवढ्यात वच्छला खिडकीपासून उठून अंगणात आली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज चढला होता.

"भोक नका पाडू, ताई. आज रसासंग लांब पोळी मी करीन."

रुपराव घाबरले, दमशील म्हणाले. तिने ऐकलं नाही. विटांची चूल मांडली, मला घासूनपुसून वर चढवलं. पहिलीच पोळी फाटली आणि अर्धी राखेत पडली. वच्छला त्या पोळीकडे बघत राहिली आणि खुदकन हसली. मग हसतच सुटली. पुढची पोळी अशी उतरली की शेजारणी रसाच्या वाट्या घेऊन कुंपणाशी गोळा झाल्या. त्या दिवशी सबंध कॉलनीत माझ्याइतका ताठ कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीशी. सिंधूताई चिडली.

"काल त खदखदा हासत होती. आज काय झालं वं तुले? नाटकं करून राहिली काय?"

वच्छला हळूच म्हणाली, "काल मले खरंच बरं वाटलं, ताई. आज नाही वाटून राहिलं. दोन्ही खरंच हाये."

रुपराव दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. संध्याकाळी ड्यूटीवरून येताना सायकलला लाकडांचा भारा बांधून आणला आणि माझ्याशेजारी रचून ठेवला. त्यानंतर आमच्या अंगणातली लाकडं कधी संपली नाहीत.

आता क्वार्टरात गॅस आलाय. माझ्या काठाला तडा गेला, तर रुपरावांनी तार आवळून दिली. वच्छलाचं दुखणं मी घालवलं, अशी बढाई मारणार नाही. ते येतं, जातं. पण ती हसते तेव्हा बहुतेक माझ्या चुलीपाशी हसते, याचा अभिमान मी काहून लपवू? तुमच्याही घरी असं कुणी असेल. ते हसलं तर त्याची उलटतपासणी घेऊ नका. पोळी गरम आहे तोवर खाऊन घ्या.

आजही ती सकाळपासून गप्प आहे. पण मघाशी तिने परातीत कणीक भिजवली, आणि रुपराव चूल पेटवायला बसलेत.