शंभरातले चाळीस

बाबा गेल्यापासून मेण दीडपट महागलं, पण मेणबत्तीची किंमत आम्ही वाढवली नाही. तरी दहा वर्षं शंभराच्या विक्रीत मेणाचा खर्च वजा जाता चाळीस उरायचे. यंदा दहाच उरले. कारखाना बंद व्हायची वेळ आली.

“काका, आधी मेणबत्तीत मेण कमी घालायचात का?” मी जुन्या कारागिराला विचारलं.

“वजन करून बघ की, शहाणे! मेण महागलं तसं मी संध्याकाळी घरी जाताना कढईत कमी टाकत गेलो. सकाळी कढई काठोकाठ भरलेली असायची.”

“मग यंदा?”

“यंदा तू कुलूप बदललंस. बाबांना शेवटचं नेलं, तेव्हा जुन्याची एक किल्ली त्यांच्या खिशातून आपण कुठं काढली होती?”

त्या संध्याकाळी मी जुनंच कुलूप लावलं.