तुळजाबाईच्या मयतीची सुट्टी

"डोकं हालवू नको बे, कान जाईल," म्हाळू न्हावी म्हणाला आणि सटवाच्या डोक्यावरचा शेवटचा पट्टा त्याने उतरवला. दूध सोसायटीच्या ओट्यावर केसांचा ढीग पडला होता. ढीग अधूनमधून हलत होता. वारा नव्हता.

दुष्काळामुळे सोसायटीत दूध येणं कधीच थांबलं होतं, म्हणून ओटा मोकळा होता. नांदूरघाटाजवळच्या त्या वस्तीत शाळेच्या सगळ्या पोरांना उवा झाल्या होत्या. खाजवून जखमा, जखमा चिघळून ताप. उपकेंद्रातल्या भामासिस्टरांकडे औषधाच्या पेट्या आल्या होत्या. बाटलीवर छापलं होतं, लावल्यानंतर भरपूर पाण्याने धुवावे. वस्तीने ते परदेशातली बातमी ऐकावी तसं शांतपणे ऐकून घेतलं आणि टँकरची वाट बघू लागली. मग सिस्टरांनी म्हाळूला बोलावलं.

चेअरमन राधाकिशनआप्पांनी नारळ फोडून सांगितलं, "उवांचं निर्मूलन आपण सहकारातून करू." खरं तर गावात नीट चाललेली सहकारी संस्था उवांचीच होती. सभासदत्व सर्वांना खुलं, वाड्यावरची पोरं आणि मेंढक्यांची पोरं असा भेद नाही, आणि चेअरमन नसल्यामुळे भरभराट.

सटवाची आजी तुळजाबाई ओट्याखाली बसली होती. तिचा लेक बिभीषण आणि सून रतन ऊसतोडीला गेले होते. हंगाम संपला की तिकडेच वीटभट्टीवर राहायचे. दोन वर्षं आले नव्हते.

"त्याला एकदा बघायचं ऱ्हायलंय बाई," ती सिस्टरांना दर भेटीत सांगायची, जसं बाकीच्या बायका गुडघ्याचं सांगतात.

"त्याच्यावर गोळी न्हाई माझ्याकडं," सिस्टर म्हणायच्या.

त्याच दुपारी कारखान्याकडून बंकटचा ट्रक जनावरांसाठी उसाची वाढं घेऊन आला. परत जाताना बंकटला फाट्यावर एकटा सटवा दिसला, गोटा केलेला. त्याने थांबून विचारलं नाही. अशा वेळी विचारत नसतात. बाप परमुलखात, घरात म्हातारी एकटी, आणि नातवाचं डोकं भादरलेलं. म्हणजे म्हातारी गेली आणि अग्नी नातवाने दिला, हे कोणालाही कळलं असतं. बंकटने ते बिभीषणच्या तोडणीच्या तळावर जाऊन सांगितलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी रतनने हंबरडा फोडला. तुळजाबाई बाहेर आली. समोर बिभीषण. डोकं तुळतुळीत, मिशीही काढलेली. तिने दाराची चौकट धरली.

"कोण गेलं रं?"

बिभीषण तिच्याकडे बघत राहिला.

"तू," तो म्हणाला.

रतनचं रडणं मध्येच थांबलं. मग तुळजाबाईने विचारलं, "भाकर खाल्ली का?"

भाकरी खाताना बिभीषण म्हणाला, "मुकादमानं दहाव्यापातुर सुट्टी दिलीया. आता आई जित्ती हाय म्हनलं तर कापून काढंल. सकाळीच निघावं लागंल."

"सांगतोस कावून? दहावं होईस्तवर ऱ्हा की. मी भाईर निघत न्हाई. कुनाला दिसत न्हाई."

तो राहिला. तेवढे दिवस तुळजाबाईने नीट पाळले. टँकर आला तरी गेली नाही. रतन गेली. ट्रकचा आवाज आला की आतल्या अंगाला सरकायची. राधाकिशनआप्पा सांत्वनाला येऊन गेले. ती वारली नाही हे त्यांना दारातच कळलं. पण भाषण तयार होतं म्हणून चार शब्द बोललेच. तुळजाबाईने ते आतून ऐकले. बरे होते.

रात्री ती बिभीषणच्या पानात जास्तीची भाकरी टाकायची आणि तो "बास" म्हणायचा. यापलीकडे दोघांचं फारसं बोलणं झालं नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने बोचकं बांधलं आणि उंबऱ्यावर बसला. रतन पुढे फाट्यावर गेली होती.

"आई, एक हाय," तो पाठमोराच म्हणाला. "आता खरंच काय झालं तर मला येता यायचं न्हाई. एका मानसाची सुट्टी एकदाच."

"न्हाई तर न्हाई. तवा आला असतास तर मला कुठं दिसनार हुतास?"

ती त्याच्या मागे येऊन बसली. त्याच्या डोक्यावरून तिने बोटं फिरवली, कपाळापासून मानेपर्यंत, सावकाश. नुकते खुंट फुटत होते. बोटात धरायला काही नव्हतं.

फाट्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. बंकटला दिसू नये म्हणून तुळजाबाई उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं.