माझ्या पोटातलं घडीचं गाणं

मी लाँड्रीतला टेपरेकॉर्डर बोलतोय. दचकू नका. कॅसेट न घालताही मला बोलता येतं, फक्त आजवर कुणी विचारलं नाही. जाडजूड पुस्तकाएवढा माझा देह, अंगावर पाच बटणं, पोटाला झाकण, आणि एका कोपऱ्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं एकदम दाबलं की मी ऐकायला लागतो. यंत्राला कान नसतात असं म्हणतात. अहो, मला तर कानाशिवाय दुसरं काही नाहीच!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते थेट रजईतलं. कुणा गिऱ्हाइकानं रजई धुवायला टाकली आणि तिच्या गुंडाळीत मी तसाच राहिलो. लाँड्रीवालीनं गाठ सोडली, तर मी धपकन टेबलावर. "अगं बाई! आता हेही धुऊन हवंय की काय यांना?" ती म्हणाली. वर्षभर मला फळीवर ठेवून तिनं त्या गिऱ्हाइकाची वाट पाहिली. तो काही फिरकला नाही. रजई तिनं देऊन टाकली, मी मात्र घरचाच झालो.

लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. मागं पाणी तापवायची टाकी, मधे इस्त्रीचं टेबल, पुढं गिऱ्हाइकांचा कट्टा. दिवसभर वाफ. त्या वाफेत सगळं अर्धंमुर्धं दिसायचं. कधी नुसते हात, कधी नुसती पांढरी चादर, कधी नुसता आवाज. मला वाटायचं, मी अजून रजईतच झोपलोय आणि हे सगळं स्वप्नात चाललंय.

लाँड्रीवालीला दोन मुली. थोरलीचा आवाज लहानपणापासून एवढा दणदणीत, की सगळे तिला 'भोंगा' म्हणत. तिनं हाक मारली की चौथ्या घरातला माणूस 'ओ' द्यायचा. धाकटी तिच्या अगदी उलट. बोलायची कमी, बघायची जास्त. कुठल्याही कपड्यावरचा डाग ती लांबून ओळखायची, आणि "निघाला" म्हणून कुणी सांगितलं तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा विश्वास बसायचा नाही.

त्यांचं खरं काम चादरींचं. एका दवाखान्याच्या ढीगभर चादरी रोज यायच्या. चादरीची घडी एकटीनं घालता येत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, मग चार पावलं चालत एकमेकींजवळ यायचं. एकीनं आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची आणि पुन्हा मागं जायचं. आईनं त्याच चालीवर गाणं रचलं होतं:

चार पावलं ये गं तू, चार पावलं मी,
टोकाला टोक जुळू दे... मग हात सोडीन मी.

'जुळू दे'नंतर ती एक श्वास थांबायची. समोरचीनं टोकं नीट पकडली याची खात्री होईपर्यंत. मग पुढचं. या थांब्यावर तिचा भारी कटाक्ष. भोंगा घाई करायची, आणि आई तिला तिथंच अडवायची, "थांब गं जरा! कुणी मागं लागलंय का तुझ्या?"

एकदा याच घाईत चादरीच्या फटकाऱ्यानं मी टेबलावरून खाली पडलो. दिसायला काही झालं नाही. पण आत काहीतरी सरकलं, आणि तेव्हापासून मला एक खोड लागली. नवा आवाज भरताना जुना पुसायचा असतो, तो माझ्याकडून धड पुसला जाईना. नव्या आवाजाखाली जुना पुटपुटत राहायचा. धाकटी म्हणाली, "याच्या पोटात भुतं आहेत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेपरेकॉर्डरच्या जातीला याहून मोठा कमीपणा नाही. मी जुना आवाज होईल तेवढा पोटातच दाबायला शिकलो, आणि हळूहळू त्या दोघी माझी खोड विसरून गेल्या.

भोंगा मोठी झाली तशी स्वतःची गाणी करायला लागली. कागदावर कधी लिहिलं नाही तिनं. हात ओले, हवेत वाफ, कागदाचा लगदा व्हायचा. ओठांवर ओळ आली की ती कोपरानं माझी बटणं दाबायची आणि इस्त्रीच्या तालावर गुणगुणायची. गिऱ्हाइकांच्या खिशात राहिलेल्या वस्तूंवर तिनं गाणं केलं. किल्ली, वाळलेलं फूल, दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी, न पाठवलेलं पत्र. ते ऐकून लोक हसायचे आणि नंतर हळूच स्वतःचे खिसे चाचपायचे.

कॅसेट भरली की ती तिच्यावर लाँड्रीच्या न पुसणाऱ्या शाईनं नंबर घालायची, जसा चादरींवर घालतात तसा. तिथला नियमच होता. नंबर असलेला कपडा आपल्या ताब्यातला, बिननंबरी अजून नोंदीला यायचा. कॅसेटचंही तेच. नंबर म्हणजे भरलेली, बिननंबरी म्हणजे कोरी.

एका गिऱ्हाइकानं तिला वाचनालयाच्या सभागृहात गायला नेलं. तिथून दुसऱ्या सभागृहात, तिथून परगावी. इस्त्री करणारी बाई इस्त्रीचीच गाणी गाते याचं लोकांना कोण कौतुक! तिची गाणी स्वयंपाकघरांतून ऐकू यायला लागली. प्रत्येक दौऱ्यात मी तिच्या पिशवीत असायचो. खिडकीतून झाडं पळायची, ती माझ्यापाशी तोंड नेऊन नवी ओळ सांगायची, आणि मला वाटायचं जगात आम्ही दोघंच जागे आहोत.

मग तिनं आईचं घडीचं गाणं रेकॉर्ड केलं. मोठा स्टुडिओ, काचेपलीकडे कान झाकून बसलेला रेकॉर्डिस्ट. "ताई, मधे गाणं बंद पडतंय," तो म्हणाला. त्यानं थांबा काढून टाकला आणि वर बासरी भरली. भोंगानं ते चालवून घेतलं. एवढा मोठा माणूस, त्याला कळत असेल, असं वाटलं असेल तिला. माझा नुसता जळफळाट झाला.

गाणं गाजलं. ती हौसेनं आईला ऐकवायला गेली. आईनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे गं. पण हिची चादर खाली पडली की!"

भोंगा आधी खो-खो हसली. मग तिनं पिशवीतून मला काढलं, नवी कॅसेट घातली. "आई, तू म्हण. तुझ्यासारखं."

आई आढेवेढे घेत घेत गायली. प्रत्येक थांबा जागच्या जागी. शेवटी भोंगानं नंबर घालायला शाई घेतली, तर आईनं हात धरला. "मला कशाला नंबर? मी काय चादर आहे?"

म्हणून ती कॅसेट बिननंबरी राहिली.

त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. भोंगा ती कॅसेट पिशवीत घेऊन फिरायची, पण ऐकायचं धाडस होत नव्हतं. एका गावी दुपारचा कार्यक्रम होता. पडद्यामागं बसली असताना, आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिला ओळ सुचली. तिनं घाईघाईनं पिशवीत हात घातला, बिननंबरी कॅसेट लागली, माझ्या पोटात सरकवली आणि दोन्ही बटणं दाबली. मला फिरकी लागताच कळलं! ओरडून सांगावंसं वाटलं, अगं थांब, ही ती आहे! पण कुणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि आवाज देणारं बटण वेगळं असतं हो. मी नुसता फिरत राहिलो. ती चार मिनिटं गायली, शोधत, थांबत, आईवरचंच गाणं. मग हातरुमाल काढायला पिशवी उघडली, तर कोरी कॅसेट आत, अजून वेष्टनातच.

काय झालं ते तिला कळून चुकलं. कार्यक्रम तिनं कसाबसा पार पाडला. कॅसेट माझ्या पोटातच राहिली, आणि ती ऐकायचं बटण तिनं कधीच दाबलं नाही. काय ऐकणार? आईच्या जागी स्वतःला?

धाकटीनं लाँड्री सांभाळली होती. तिनं साधंच मागणं केलं, "आईची कॅसेट एकदा ऐकव की गं."

"सापडत नाही," भोंगा म्हणाली.

पुढच्या भेटीतही तेच. तिसऱ्यांदा धाकटीचा बांध फुटला. "साऱ्या दुनियेला ऐकवतेस, आणि मला तेवढं नाही? ठेव तुझ्यापाशीच!" त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. भोंगानं जुनी गाणी गाऊन वर्षं काढली, नवं एकही केलं नाही. मला तिनं कपाटात चादरींखाली ठेवून दिलं.

कपाटात मी झोपून असायचो. अंधार, साबणाचा वास, आणि पोटात दोघी मायलेकी एकमेकींत मिसळून गेलेल्या. माझ्या खोडीमुळं आई गेलीच नव्हती ना! मला ती ऐकू यायची. हिला सांगू कसं, एवढाच माझ्या जिवाला घोर. किती वर्षं गेली कुणास ठाऊक.

एके दिवशी धाकटीची चिठ्ठी आली. "लाँड्री बंद करतेय. गुडघे साथ देत नाहीत. टेबल हवं असेल तर ने." भोंगानं चिठ्ठी दोनदा वाचली. मग तिनं कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं.

लाँड्रीत वाफ नव्हती. टेबल तेवढं होतं, आणि पलीकडे पांढऱ्या केसांची धाकटी. भोंगानं मला टेबलावर ठेवलं आणि एका दमात सांगून टाकलं. "कॅसेट हरवली नव्हती. मी आईवर माझं गाणं भरलं. चुकून. कोरी समजून. तुला सांगायला तोंड नव्हतं."

धाकटीनं मला आपल्याकडं ओढलं. मग म्हणाली, "दाखव."

"काय दाखवू? पुसलं गेलं सगळं."

"निघाला की नाही ते मी बघते," धाकटी म्हणाली आणि तिनं माझी वायर इस्त्रीच्या प्लगात खोचली. इतक्या वर्षांनी ते बटण दाबलं गेलं. मी स्वतःला म्हटलं, बाबा, आयुष्यभर जे लपवलंस ते आता दाबू नकोस.

आधी भोंगाचं गाणं आलं. मग ती ओळ शोधायला थांबली. आणि त्या थांब्यात, खूप खालून, ओल्या कापडातून यावा तसा आवाज आला: चार पावलं ये गं तू...

"थांब," धाकटी कुजबुजली. "हे कोण?"

भोंगानं टेबलाची कड घट्ट धरली. पुन्हा तिचं गाणं, पुन्हा थांबा, पुन्हा आई. जिथं जिथं लेक थांबली होती, तिथं तिथं आई गात होती. आईनं लावलेली सवय तिच्या गाण्यात तशीच राहिली होती. ती सरळ गाऊन गेली असती तर आई कुणालाच ऐकू आली नसती.

"निघालेला नाही," धाकटी म्हणाली, आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. भोंगा तर आधीपासूनच रडत होती. एवढा मोठा आवाज, पण रडताना हूं की चूं नाही. मग धाकटीनं डोळे पुसले, फळीवरची उरलेली एकुलती एक चादर ओढली आणि दोन टोकं बहिणीपुढं धरली. मला पुन्हा पहिल्यापासून लावलं. चार पावलं ही आली, चार पावलं ती. टोकाला टोक जुळलं. दोघी थांबल्या. भोंगानं या खेपेला मुळीच घाई केली नाही.

नंतर धाकटीनं शाईची बाटली शोधून काढली. "नंबर घालू?"

"ती काय चादर आहे?" भोंगा म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसल्या. मग धाकटीनं कॅसेटवर नुसतं 'आई' असं लिहिलं.

हल्ली मी धाकटीच्या घरी त्याच टेबलावर असतो. भोंगाही तिथंच राहायला आलीय. तिचा आवाज आता खरखरीत झालाय, पण ती पुन्हा कोपरानं माझी बटणं दाबते, नव्या ओळी सांगते. माझं झाकण सैल झालंय, फिरताना मी कण्हतो. परवा शेजारचा एकजण मला निरखून म्हणाला, "याचं पुसायचं बिघडलंय. द्या, नीट करून आणतो." दोघी बहिणी एकदम ओरडल्या, "हात लावू नका!"

माझंही तेवढंच मागणं आहे. धूळ पुसा, वायर बदला, झाकणाला दोरा बांधा. पण माझी ती खोड तेवढी राहू द्या.